अडकलेलं हेड आणि वालचंद हिराचंद

इंजिनचा पेपर लिहिणं वेगळं आणि इंजिन खोलणं वेगळं. पहिल्यात मला बरे मार्क आहेत. दुसऱ्याची गोष्ट सांगतो, आणि ती सांगता सांगता एका माणसाबद्दल सांगतो, ज्याचं नाव मला त्या इंजिनमुळे नीट कळलं.

आमच्या स्टाफमधल्या एका सरांची प्रीमियर पद्मिनी. वाशीतल्या त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सात-आठ वर्षं कव्हर घालून उभी होती. सोसायटीने जागा मोकळी करायला सांगितली, सरांनी भंगारवाल्याशी भाव ठरवला, आणि मग त्यांच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, इंजिन कॉलेजच्या वर्कशॉपला द्यायचं म्हणाले. अट एकच. शनिवारपर्यंत सिलिंडर हेड उतरवून आतून इंजिन शाबूत आहे हे दाखवायचं. नाहीतर रविवारी अख्खी गाडी भंगारात. गाडी ओढून वर्कशॉपच्या दारात आणली. आम्ही होस्टेलचे चौघे आणि वर्कशॉपचे काका अशी टीम तयार झाली.

सोमवारी सगळं मस्त चाललं. बॅटरी काढली, रेडिएटर रिकामा केला (जे बाहेर आलं त्याला पाणी म्हणणं धाडसाचं होतं), एअर फिल्टर, कार्ब्युरेटर, सायलेन्सरचा पाइप सुटा केला. टॅपेट कव्हर उघडून रॉकरचा शाफ्ट उचलला. पुशरॉड काकांनी एका पुठ्ठ्याला भोकं पाडून ओळीने खोचून ठेवायला लावले, कारण ज्याच्या जागी तोच गेला पाहिजे. हेडचे नट बाहेरच्या बाजूकडून आत, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत सैल केले. सगळे नट निघाले. आता हेड उचलायचं फक्त. आम्ही दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून ताकद लावली, तर हेड जागचं हललं नाही. गाडी मात्र स्प्रिंगवर वर-खाली झाली.

मंगळवारी मी एक मूर्खपणा केला. काका चहाला गेलेले असताना हेड आणि ब्लॉकच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालून हातोडा मारला. हेड हललं नाहीच, अल्युमिनियमवर एक ओरखडा मात्र उठला. काका परत आले, त्यांनी बघितलं, आणि काही न बोलता स्क्रूड्रायव्हर आपल्या खिशात ठेवला. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं ते असं. या १०८९ सीसीच्या इंजिनचा ब्लॉक बिडाचा, हेड अल्युमिनियमचं आणि हेडमधून आरपार जाणारे स्टड पोलादाचे. वेगवेगळे धातू आणि मध्ये पाणी, म्हणजे फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीतला सेलच झाला. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलं की अल्युमिनियम गंजतं, त्याची पांढरी भुकटी स्टडभोवती घट्ट बसते, आणि नट काढला तरी स्टड हेडला सोडत नाही. वर वाशीच्या खाडीची खारी हवा आहेच. उपाय म्हणजे प्रत्येक स्टडच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल घालायचं, लाकडाचा ठोकळा धरून हलके ठोके द्यायचे आणि थांबायचं. रोज सकाळ-संध्याकाळ हेच. बाकी वेळ हात बांधून बसायचं.

त्या बसण्यातच बॉनेटखालच्या कंपनीच्या पट्टीकडे लक्ष गेलं. प्रीमियर ऑटोमोबाईल्स लिमिटेड. ही कंपनी कुणाची, यावर आमच्यात पैज लागली. कोणी टाटा म्हणालं, कोणी बजाज. सगळेच हरलो. बुधवारी दुपारी मी लायब्ररीत जाऊन बसलो, तो संध्याकाळच्या तेल घालायच्या वेळेलाच उठलो.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. घराणे गुजराती बोलणारे, दिगंबर जैन, कापसाच्या आणि सावकारीच्या व्यवसायातले. शिक्षण सोलापुरात, पुढे मुंबईच्या सेंट झेविअर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. पण पदवी पुरी झाली नाही. म्हणजे ज्यांच्या नावाने सांगलीला आणि सोलापूरला इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, ते गृहस्थ इंजिनिअर तर नव्हतेच, ग्रॅज्युएटसुद्धा नव्हते. (घरच्यांना हे वाक्य दाखवू नका.)

घरच्या पेढीवर त्यांचे मन रमले नाही. १९०३ च्या सुमारास लक्ष्मणराव फाटक या एकेकाळच्या रेल्वे क्लार्कबरोबर भागी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचे एक काम घेतले. फाटकांना रेल्वेच्या कामाची नस माहीत, वालचंदांकडे भांडवल उभे करण्याची हिंमत. फाटक-वालचंद ही जोडी जमली. पुढे वालचंदांच्या कंपन्यांनी बोरघाटात रेल्वेचे बोगदे खोदले, तानसा तलावाचे पाणी मुंबईला आणणारे नळ टाकले, सिंधू आणि इरावतीवर पूल बांधले. पुण्याला जाताना घाटात गाडी बोगद्यात शिरली की आपण खिडकीतून आरडाओरडा करतो. त्या अंधारात कुणाची तरी टेंडरं, हिशेब आणि सुरुंग आहेत हे आपल्या डोक्यात येत नाही. माझ्या तरी कधी आलं नव्हतं.

मात्र कंत्राटदार म्हणून सुखाने श्रीमंत होण्याचा मार्ग मोकळा असताना हा माणूस दर वेळी जिथे दार बंद आहे तिथेच जाऊन उभा राहिला. १९१९ साली त्यांनी नरोत्तम मोरारजी वगैरे मित्रांबरोबर ‘लॉयल्टी’ नावाची जुनी बोट विकत घेतली. ही मूळची कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची १८९१ सालची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. नंतर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे आली आणि महायुद्धात इस्पितळ-जहाज झाली. म्हणून कंपनीचे नावही सिंदिया. ५ एप्रिल १९१९ ला ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. आजही ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन असतो तो यामुळे. पण समुद्रावर लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश कंपन्यांचे राज्य होते. त्यांनी भाडी उतरवली, आणि १९२३ मध्ये तडजोड करून सिंदियाला किनाऱ्यालगतच्या वाहतुकीवर समाधान मानावे लागले. ‘लॉयल्टी’ त्याच वर्षी भंगारात गेली. इथे मी पुस्तकातून मान वर केली. रविवार आठवला.

त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यात रावळगावची माळरान जमीन घेऊन त्यांनी ऊस लावायला सुरुवात केली, तिथे पुढे साखर कारखाना झाला. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर हेही त्यांचेच. आपल्या शाळेबाहेरच्या टपरीवर मिळणाऱ्या पान पसंद गोळ्या याच रावळगावच्या. ते ब्रँड २०२४ साली रिलायन्सकडे गेले.

आता मोटारीकडे येतो, कारण माझा सगळा जीव तिथे अडकला होता.

हिंदुस्थानात मोटार बनवायची, नुसती जुळवायची नाही, हा विचार १९३० च्या दशकात दोन माणसांनी मनावर घेतला. एक सर विश्वेश्वरय्या, दुसरे वालचंद. विश्वेश्वरय्यांनी युरोप-अमेरिकेत फिरून योजना तयार केली. मुंबईत काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते, त्याची सहानुभूती होती. वालचंद १९३९ साली अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी झाली, पण हिंदुस्थानचा बाजार फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे, तिथे घोडं अडलं. क्रायस्लर तयार झाली. तोपर्यंत युरोपात महायुद्ध सुरू झाले, नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि दिल्लीच्या ब्रिटिश सरकारला या कारखान्यात काडीचाही रस नव्हता. युद्धाला ट्रक आणि गाड्या लागतात हे शेंबड्या पोराला कळेल, पण त्या इथे बनवायला मदत करायची सरकारची तयारी नव्हती. नट सगळे काढलेले, आणि हेड हलत नाही!

मला सगळ्यात जास्त आवडला तो यानंतरचा भाग. या अमेरिका दौऱ्यातून परतताना, पॅसिफिक ओलांडणाऱ्या विमानात वालचंदांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. मोटारीसाठी गेलेला माणूस विमानाची कल्पना घेऊन परत आला! म्हैसूर संस्थानाने साथ दिली आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. मोटारीला नकार देणारे सरकार इथे मात्र भागीदार झाले, कारण जपानची भीती. सहा महिन्यांत, २१ जून १९४१ ला, विशाखापट्टणमला जहाज बांधण्याच्या गोदीची पायाभरणी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली. तीही सिंदिया कंपनीचीच.

१९४२ साली सरकारने विमान कारखान्यातला वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. आजची एचएएल ती हीच. गोदीतून १४ मार्च १९४८ ला ‘जल उषा’ हे आठ हजार टनी जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले, आणि १९५२ मध्ये गोदीचा मोठा हिस्साही सरकारकडे गेला. उभे करायचे यांनी आणि चालवायचे दुसऱ्याने, असे वारंवार झाले. यात अन्यायच होता असं मला म्हणवत नाही. सरकारचे पैसे, सरकारचे संरक्षण मागत मोठा झालेला उद्योग सरकार कधीतरी मागणारच. वालचंद हिशेबी माणूस होते, त्यांना हे कळत नसेल असं वाटत नाही.

आणि मोटार? तिची वाट त्यांनी सोडलेली नव्हती. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली, कारखाना कुर्ल्याला. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स दोन वर्षे आधीच निघाली होती. १९४७ मध्ये कुर्ल्यातून क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पण सुरुवातीला त्या परदेशी भागांतून जुळवलेल्या, म्हणजे जे नको होते तेच. १९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला, १९५० मध्ये ते कामातून बाजूला झाले. फिआटच्या छोट्या गाड्या कुर्ल्यात येऊ लागल्या त्या त्यानंतर. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूर इथे त्यांचे निधन झाले. जिच्यापासून पद्मिनी झाली ती फिआट ११०० इथे आली १९५४ साली. आमच्यासमोर उभी असलेली गाडी, किंवा तिची आईसुद्धा, त्यांनी पाहिली नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. हळूहळू एकेक भाग इथे बनू लागला आणि गाडी खरंच देशी झाली. पण बाहेरच्या स्पर्धेला बंदी, किती गाड्या बनवायच्या यावर परमिट, ग्राहक वर्षानुवर्षं नंबर लावून. गाडी बदलायचं कारणच उरलं नाही. सन २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं तेव्हाही बॉनेटखाली मूळचं तेच इंजिन होतं. जे संरक्षण मागण्यात वालचंदांची उमेद गेली, त्याच संरक्षणात त्यांची मोटार जाम झाली, असं माझं मत. काकांना ते पटलं नाही. त्यांच्या मते रस्त्यावर कुठेही, कुणालाही, एका पान्याने दुरुस्त करता येणारी गाडी पुन्हा झाली नाही, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी ऑक्टोबर २०२३ पर्यंत ती उगाच चालवली नाही. हा वाद गुरुवारी संध्याकाळी तेल घालताना सुरू झाला तो मेसची वेळ टळेपर्यंत चालला.

शुक्रवारी काकांनी शेवटचा उपाय काढला. दोन नट स्टडवर चार आटे परत बसवले, हेड एकदम उडू नये म्हणून. मग पिस्टन खाली असताना १ आणि ४ नंबरच्या स्पार्क प्लगच्या भोकांतून सुती दोरी आत सारली, बरीच, टोक बाहेर ठेवून. हे दोन पिस्टन नेहमी बरोबर वर येतात. रॉकर काढलेले असल्यामुळे व्हॉल्व्ह सगळे बंद. आता पुढच्या पुलीच्या नटला लांब पाना लावून मी क्रँक हळूहळू फिरवू लागलो. पिस्टन वर आले, दोरी दाबली गेली, पाना कडक झाला. काकांनी थांबायला सांगितलं. ठोकळ्यावर दोन ठोके. परत थोडा जोर. कुठेतरी कुरकुर असा आवाज झाला आणि गॅस्केटच्या रेषेतून तपकिरी पाण्याचा एक थेंब बाहेर आला. त्या थेंबाकडे आम्ही पाच जण असे बघत होतो की विचारू नका.

अर्ध्या तासाने हेड हातात होतं. स्टडभोवती खरंच पांढरी भुकटी, खडूसारखी. सिलिंडरच्या भिंती मात्र चकचकीत. सरांना फोन केला, ते चप्पल घालून तसेच आले, आत वाकून बघितलं आणि भंगारवाल्याला फोन लावायला बाहेर गेले.

पट्टी आणि फीलर गेज लावून बघितलं तर हेड मध्यभागी थोडं वाकलेलं. फेसिंग करणं भाग होतं. शनिवारी हेड गोणपाटात गुंडाळून मी वाशीहून हार्बर लोकल पकडली आणि कुर्ल्याला उतरलो, तिथे काकांच्या ओळखीचं मशीन शॉप आहे. काम होईपर्यंत प्रीमियर रोडला चक्कर मारली. रस्त्याला नाव आहे, कारखाना नाही. गेटसारखं काही दिसतं का म्हणून बराच वेळ बघत होतो, वॉचमनने हटकलं तेव्हा निघालो.

परत येताना गर्दीत हेड मांडीवर होतं. फेसिंगनंतर आरशासारखं झालेलं. माझा ओरखडा बहुतेक गेला होता, पण कडेला, गॅस्केटच्या बाहेर, नखाएवढी एक रेघ अजून होती. मशीनवाल्याने विचारलं होतं, अजून थोडं घासू का म्हणून. मी नको म्हटलं, उगाच कॉम्प्रेशन वाढायला नको.