कंदिलाच्या उजेडातलं औषध

काळा आजार वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो. पोटातली प्लीहा सुजते आणि उपचार नसले तर रोगी सहसा वाचत नाही. आसाम-बंगालमध्ये त्याने गावंच्या गावं ओस पाडली होती. त्यावर औषध शोधणारे डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी (१८७३-१९४६) आधी गणित शिकले, मग केमिस्ट्री, मग डॉक्टरकी. कोलकात्यात कॅम्पबेल हॉस्पिटलमध्ये त्यांना प्रयोगासाठी एक छोटी खोली मिळाली. तिथे वीज, गॅस, नळ, काहीच नव्हतं. रात्री कंदील लावून काम चालायचं. अँटिमनीची जुनी इंजेक्शनं विषारी होती आणि महिनोन्महिने घ्यावी लागत. १९२० मध्ये त्यांनी युरिया स्टिबामाइन बनवलं आणि असंख्य जीव वाचले. १९२९ मध्ये नोबेलसाठी नाव गेलं, पण ते हुकलंच. आज औषधं बदललीत. तरीही मित्रांनो, लाईट गेली म्हणून प्रॅक्टिकल सोडून हॉस्टेलकडे पळताना ती खोली जरूर आठवा!