तीन दोस्त जमवले, चौथी चाल नागपुरात अडली: नाना फडणवीसांची आघाडी कशी बनली, कशी फुटली?

धंतोलीतल्या एका मित्राच्या घरी परवा लॅपटॉपवर ‘सिव्हिलायझेशन’ रंगला होता. हा आळीपाळीने चाल खेळायचा स्ट्रॅटेजी गेम. एका बलाढ्य शत्रूला घेरायला मित्राने तीन शेजारी जोडले. ऐन वेळी एकाने शत्रूकडून सोनं घेतलं आणि तह करून मोकळा झाला.

मित्र वैतागला. पण हाच डाव १७८० मध्ये खरोखर खेळला गेला होता, आणि पैसे घेऊन थांबलेला खेळाडू आपल्या नागपूरचाच होता.

‘अर्धा शहाणा’ म्हणजे कोण?

डाव मांडणारे होते नाना फडणवीस. मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू, जन्म १७४२ चा, साताऱ्याचा. १७६१ मध्ये पानिपतातून ते कसेबसे जिवंत परतले, पण आई तिथेच हरवली.

पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांमध्ये नाना अर्धे मानले जातात, कारण तलवार गाजवणं हा त्यांचा प्रांत नव्हता. गंमत म्हणजे तीन पूर्ण शहाण्यांपैकी एक, देवाजीपंत चोरघडे, नागपूरकर भोसल्यांच्या पदरी होते.

१७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. नाना आणि इतर कारभाऱ्यांनी राघोबादादांना बाजूला सारून तान्ह्या सवाई माधवरावाच्या नावाने कारभार हाती घेतला. १७७५ मध्ये राघोबादादा इंग्रजांकडे गेले आणि युद्ध पेटलं. १७७९ च्या जानेवारीत वडगावला मराठ्यांनी इंग्रजी फौजेला शरण आणलं, पण कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जने तो करार मानलाच नाही.

मग नानांनी काय केलं?

त्यांनी नकाशा बघितला. इंग्रजांची मुंबई, मद्रास आणि बंगाल ही तीन ठाणी एकमेकांना मदत पाठवायची. तिन्हींवर एकदम हल्ला झाला, तर कोण कोणाला वाचवणार?

वाटणी ठरली. मुंबईकडे पेशवे आणि शिंदे, मद्रासवर म्हैसूरचा हैदर अली, त्याला जोड हैदराबादच्या निजामाची, आणि बंगालवर नागपूरचे मुधोजी भोसले. हैदर तर मराठ्यांचा जुना वैरी. पण त्याने बळकावलेला कृष्णेपर्यंतचा मुलूख त्याच्याकडेच राहू द्यायची तयारी नानांनी दाखवली. दोस्ती फुकट मिळत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

डाव फसला कुठे?

हैदरने शब्द पाळला. सप्टेंबर १७८० मध्ये पोल्लिलूरला त्याने इंग्रजांचा मोठा पराभव केला. निजामाला मात्र इंग्रजांनी गुंटूर परत दिलं आणि तो गप्प बसला.

राहिलं नागपूर. भोसल्यांची फौज निघाली, पण रमतगमत. कटकला पोचेपर्यंत १७८० चा उन्हाळा उजाडला. तिथे हेस्टिंग्जने लाखो रुपये मोजले आणि बंगालवरचा हल्ला झालाच नाही. उलट १७८१ मध्ये इंग्रजांची पलटण बंगालमधून भोसल्यांच्याच ओडिशातून मद्रासकडे, हैदरशी लढायला गेली.

मुधोजींना नुसता लोभ सुटला होता का? तसं म्हणता येत नाही. १७६९ मध्ये थोरल्या माधवरावांनी नागपूरकरांवर चढाई करून त्यांना कनकापूरचा तह करायला लावला होता. पुणं जास्त बळकट झालं तर आपलं काय, ही भीती खरी होती. नानांनी प्रत्येकाला काम वाटून दिलं, पण हा जुना अविश्वास काही मिटवता आला नाही.

शेवट काय झाला?

१७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. राघोबादादांचा दावा संपला, पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली. हैदर दोस्त असताना त्याला न विचारता झालेल्या या तहाला नानांनी लगेच मान्यता दिली नाही. डिसेंबरमध्ये हैदर वारला आणि त्यानंतरच, १७८३ मध्ये, त्यांनी मंजुरी दिली.

पुढे १७९० मध्ये नाना इंग्रज आणि निजामाला घेऊन हैदरच्या मुलाविरुद्ध, टिपूविरुद्ध उतरले. शेजारी दुबळा झाला, पण इंग्रज आणखी मोठे झाले. ही चूक नानांच्याही खात्यात मांडावी लागते.

१७९५ मध्ये खर्ड्याला शिंदे, होळकर, भोसले असे सगळे नानांच्या शब्दावर एकत्र आले आणि निजाम हरला. सगळे असे एकत्र आल्याची ती शेवटचीच वेळ. त्याच वर्षी सवाई माधवराव गेले. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनी नानांना कैद केलं. पुढच्या वर्षी सुटका झाली, पण १३ मार्च १८०० रोजी नाना वारले. १८०२ च्या अखेरीस पेशव्यांनी वसईच्या तहात इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली.

आणि नागपूर? १८१६ मध्ये तीच तैनाती फौज इथेही आली. १८१७ च्या नोव्हेंबरमध्ये आप्पासाहेब भोसल्यांची फौज सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढली, तेव्हा मदतीला यायला कोणी मोकळं नव्हतं. पुण्याचे पेशवेही त्याच महिन्यात खडकीला हरले होते.

ती टेकडी धंतोलीला लागूनच आहे. १७८० मध्ये न खेळलेल्या चालीची किंमत ३७ वर्षांनी तिथेच चुकवावी लागली. गेममध्ये निदान जुना सेव्ह उघडून डाव पुन्हा मांडता येतो.