फादर थॉमस स्टीफन्स : व्रतस्थाचे चरित्र

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फादर थॉमस स्टीफन्सचे स्थान ‘ख्रिस्तपुराण’कर्ता म्हणून निश्चित झालेले आहे. त्याची ओवी, त्याची शब्दकळा आणि त्याने केलेली मराठीची स्तुती यांविषयी अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. हा ग्रंथकर्ता एका धर्मसंघाचा व्रतबद्ध घटक होता, ही गोष्ट मात्र त्याच्या चरित्रात बहुधा एका वाक्यात उरकली जाते. वस्तुतः तो गोव्यास कसा आला, येथील भाषा का शिकला आणि ग्रंथ छापण्यासाठी त्याला इतकी वाट का पाहावी लागली, या प्रश्नांची उत्तरे त्याने अंगीकारलेल्या व्रतांपाशीच शोधावी लागतात. प्रस्तुत लेखात त्याचे चरित्र या दृष्टीने पाहावयाचे आहे.

‘व्रत’ हा शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. पण त्या परिचयामुळेच येथे घोटाळा होण्याचा संभव आहे. आपल्याकडील बहुतेक व्रतांना जसा संकल्प असतो तसे उद्यापनही असते. काल नेमलेला असतो आणि फलही सांगितलेले असते. कॅथलिक संन्यस्त जीवनातील दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते अंतिमतः आजन्म पाळावयाची असतात. त्यांना उद्यापन नाही. ती ईश्वराला उद्देशून घेतलेली असली तरी संघाच्या अधिकाऱ्यासमक्ष उच्चारली जातात आणि ख्रिस्तसभेच्या वतीने तो ती स्वीकारतो. दारिद्र्य म्हणजे आपले म्हणून काहीही न ठेवणे. ब्रह्मचर्य म्हणजे स्वतःचे कुटुंब न करता सर्वांसाठी मोकळे राहणे. आणि आज्ञापालन म्हणजे आपण कोठे राहावे व कोणते काम करावे याचा निर्णय दुसऱ्याच्या हाती सोपविणे. इग्नेशियस लॉयोलाने स्थापन केलेल्या आणि १५४० साली पोपची मान्यता मिळालेल्या येशूसंघाने या तिसऱ्या व्रतावर विशेष भर दिला. बेनेडिक्टीय संन्यासी आपल्या मठात स्थिर राहण्याचे व्रत घेतो. येशूसंघीयाला पाठवतील तेथे जावयाचे असते. दोन वर्षांच्या उमेदवारीनंतर तो पहिली व्रते घेतो, दीर्घ कसोटीनंतर अंतिम व्रते घेतो आणि निवडक सभासद पोप नेमील त्या कार्यास जाण्याचे चौथे व्रतही घेतात.

स्टीफन्सचा जन्म १५४९च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात बुश्टन येथे झाला. त्याचे शिक्षण विंचेस्टरच्या विद्यालयात झाले. राणी एलिझाबेथच्या राजवटीत कॅथलिक उपासनेवर बंदी होती. अशा काळात त्याची टॉमस पाउंड या श्रीमंत कॅथलिक गृहस्थाशी मैत्री जडली आणि पाउंडचा नोकर म्हणून वावरत त्याने काही काळ त्याच्याबरोबर घालविला. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचे ठरविले होते; परंतु निघण्यापूर्वीच पाउंड पकडला गेला. स्टीफन्स एकटा रोमला पोहोचला आणि १५७५ साली संघात दाखल झाला. आपल्या बंदिवान मित्रालाही संघात घ्यावे म्हणून त्याने तेथे रदबदली केली आणि १५७८ साली पाउंडला तुरुंगात असतानाच संघप्रवेश मिळाला. पुढे पाउंडच्या आयुष्याची सुमारे ३० वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. एकच ध्येय बाळगणाऱ्या या दोघांपैकी एकाला कोठडी मिळाली, दुसऱ्याला अर्ध्या जगापलीकडचा प्रदेश मिळाला. दोघांचेही स्थळ त्यांच्या मर्जीने ठरले नाही.

१५७९च्या एप्रिलमध्ये स्टीफन्स लिस्बनहून निघाला आणि ऑक्टोबरमध्ये गोव्यास उतरला. केप ऑफ गुड होपला वळसा घालून भारतात पोहोचलेला ज्ञात असा हा पहिला इंग्रज होय. या प्रवासाचे वर्णन करणारे जे पत्र त्याने वडिलांना लिहिले, ते हॅक्लुइटने १५८९ साली आपल्या प्रवाससंग्रहात छापले. १५८३ साली न्यूबेरी, फिच आदी इंग्रज व्यापारी गोव्यात कैदेत पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी त्याने खटपट केली. यापलीकडे स्वदेशाशी त्याचा संबंध पत्रांपुरताच राहिला. गोव्यात त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि त्याची नेमणूक साष्टीत झाली. तो पुन्हा इंग्लंडला गेला नाही.

येथे महानुभाव आचारधर्माची आठवण होणे स्वाभाविक आहे. चक्रधरांनीही स्वदेश, स्वग्राम आणि आप्त यांचा संबंध सोडावयास सांगितले. मात्र अनुयायांनी महाराष्ट्रातच राहावे, असाही त्यांचा आदेश होता. महानुभावांची मराठी या भूमीशी बांधून घेण्यातून समृद्ध झाली. स्टीफन्सची मराठी परभूमीत पाठविले जाण्यातून आली. धर्मोपदेश लोकांच्या भाषेत व्हावा, ही धारणा मात्र दोहोंकडे समान आहे. स्टीफन्सच्या दृष्टीने भाषा शिकणे हा आज्ञापालनाचाच भाग होता. तरीही या आज्ञेतून जी आवड निर्माण झाली ती आज्ञेपुरती राहिली नाही. येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्याशी जुळते, हे निरीक्षण त्याने १५८३ सालीच आपल्या भावाला कळविले होते. कोकणीत त्याने ख्रिस्ती सिद्धान्ताची पुस्तिका लिहिली आणि कोकणीचे व्याकरण रचले.

या चरित्राची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. साष्टीतील धर्मकार्य पोर्तुगीज सत्तेच्या आश्रयाने चालले होते. १५६७ साली तेथील मंदिरे पाडली गेली होती आणि हिंदूंच्या धर्माचरणावर व ग्रंथांवर निर्बंध आले होते. १५८३ साली कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी रुदोल्फ आक्वाव्हिव्हा याच्यासह ५ येशूसंघीयांना ठार मारले. त्यांचे मृतदेह ताब्यात घेण्याच्या कामात स्टीफन्सचा सहभाग होता. त्यानंतर वाटाघाटींसाठी असोळणे येथे बोलाविलेल्या गावच्या प्रमुखांना पोर्तुगीजांनी मारले. स्टीफन्सच्या लेखी त्याचे बंधू हुतात्मे होते. कुंकळ्ळीच्या स्मृतीत हुतात्मे वेगळे आहेत. आज्ञापालनाच्या व्रताने त्याला संघाशी बांधले होते आणि संघ राजसत्तेशी बांधलेला होता. व्रत स्वार्थापासून मुक्त करते, पण आज्ञा देणारी व्यवस्था ज्या सत्तेच्या छायेत उभी असते तिच्यापासून मुक्त करीलच असे नाही. ‘ख्रिस्तपुराणा’चे मूल्यमापन करताना हा विचार टाळता येत नाही. पूर्वीची पुराणे हिरावली गेलेल्या समाजासाठी हे नवे पुराण रचलेले आहे आणि ग्रंथात पृच्छा करणाऱ्या ब्राह्मण श्रोत्याच्या तोंडून ही उणीव कवीनेच व्यक्त करविली आहे.

दीर्घकाळ साष्टीत काम करीत, तेथील विद्यालयाचे प्रमुखपद सांभाळीत, स्टीफन्सने हा ग्रंथ सिद्ध केला. पहिल्या पुराणात सृष्टीपासूनचा जुन्या कराराचा कथाभाग आहे, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. एकूण ९५ अवस्वरूंत सुमारे ११ हजार ओव्या आहेत. वैकुंठ, मुक्ती असे येथील शब्द त्याने निःसंकोच योजले आणि सामान्यांना कळावे म्हणून मराठीत स्थानिक बोलीतील शब्द मिसळले.

१६०८ साली त्याने रोममधील संघप्रमुख क्लाउदिओ आक्वाव्हिव्हा याला लिहिलेले पत्र या दृष्टीने फार बोलके आहे. हा संघप्रमुख कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या रुदोल्फचा चुलता होता. मलबारात झाले त्याप्रमाणे या प्रांतातही देशी भाषेत आणि देशी लिपीत पुस्तके छापली जावीत, ही आपली अनेक वर्षांची इच्छा स्टीफन्सने त्यात कळविली आहे. अडचणी दोन होत्या. रोमन लिपीला २४ साचे पुरतात, तर या लिपीला सुमारे ६०० लागतील, ही पहिली. आणि प्रांताधिकाऱ्याच्या आज्ञेवाचून व अनुकूलतेवाचून असे काम हाती घेता येत नाही, ही दुसरी. पहिली अडचण कारागिरीची, दुसरी व्रताची. त्याने आज्ञा मोडली नाही आणि इच्छा लपविलीही नाही. ती योग्य त्या अधिकाऱ्यापुढे मांडून तो थांबला. आज्ञापालन म्हणजे स्वतःचे मत नसणे, अशी जी समजूत आढळते, तिला या पत्राने उत्तर मिळते. व्रतस्थाला मत असते, ते तो सांगतोही. निर्णयावर मात्र त्याने हक्क ठेवलेला नसतो.

१६१६ साली ग्रंथ राशोल येथे छापला गेला, तो रोमन लिपीत. १६१९ साली स्टीफन्स गोव्यात मरण पावला. सिद्धान्ताची पुस्तिका १६२२ साली आणि व्याकरण दियोगु रिबैरो याने केलेल्या भरीसह १६४० साली, अशी दोन्ही त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. ‘ख्रिस्तपुराणा’च्या १६४९ आणि १६५४ अशा आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून, विशेषतः गोव्याहून कानडा जिल्ह्यात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांकडे. या समाजाला १७८४ ते १७९९ या काळात टिपू सुलतानाच्या कैदेत म्हैसूरजवळच्या श्रीरंगपट्टणात दिवस काढावे लागले. त्यानंतरही मंगळूर भागात पोथ्या उरल्या आणि त्यांच्याच आधारे जे. एल. सल्डाना यांनी १९०७ साली मंगळूरहून आवृत्ती काढली. लंडन येथील मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखितही सापडले. १९५६ साली शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यात प्रसिद्ध झाली.

पहिल्या मुद्रणापासून ३४० वर्षांनी, परवानगी मागणारा आणि ती देणारे दोघेही इतिहासजमा झाल्यावर, त्याच्या इच्छेतील लिपीत त्याचा ग्रंथ मराठी वाचकांच्या हाती आला. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या माणसाच्या ग्रंथावर त्याची मालकी नव्हती. ज्यांनी पोथ्या उतरून घेतल्या, गाइल्या आणि जपल्या त्यांनीच तो आपला मानला. उद्यापन नसलेल्या व्रताचे फल व्रतकर्त्याला दिसत नाही. स्टीफन्सच्या बाबतीत ते मराठी भाषेच्या पदरी पडले, आणि त्याबरोबरच ते कोणत्या काळात व कोणत्या किमतीने पिकले, हे लक्षात ठेवण्याची जबाबदारीही आली.