अंगणात गेलेली बालवाडी

शाळाप्रवेशापूर्वीच्या तपासणीत माझी चार वर्षांची लेक मुकाट बसून राहिली आणि मी धास्तावले. त्या रात्री मुळशीतल्या आमच्या माण गावी मला कै. ताराबाई मोडकांची आठवण झाली.

१८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे कार्य केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू झाली. गरीब वस्तीतली मुले तिथे येईनात, तेव्हा ताराबाई व अनुताई वाघ यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांत हे कार्य चालले. १९७३ साली ताराबाई निवर्तल्या.

मूल बोलत नसेल, तर आपण त्याच्यापर्यंत पोहोचलो का, हे आधी पाहावे, असे त्यांचे चरित्र आम्हा पालकांना सांगते.