रमाबाई रानडे आणि रात्रपाळीची सिस्टर

दरवर्षी समितीचे कार्यकर्ते स्मरणिकेसाठी लेख मागतात आणि दरवर्षी मी त्यांना एखादी जाहिरात मिळवून देऊन सुटका करून घेतो. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यातला डिप्लोमावाला इंजिनिअर. माझे लिखाण म्हणजे फेल्युअर रिपोर्ट. यंदा मात्र विषय आपणहून घरी चालत आला, म्हणून हे धाडस. चुकभूल द्यावी घ्यावी.

गेल्या हिवाळ्यात वडील न्यूमोनियाने दिल्लीतल्या एका इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात अकरा दिवस होते, त्यातले सहा दिवस व्हेंटिलेटरवर. रात्री बाहेरच्या बाकावर बसलो की काचेतून डॉक्टर मधूनमधून दिसत, सिस्टर मात्र सतत. घशातल्या नळीतून कफ ओढून काढायचा, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, दर तासाला लघवी मोजून लिहायची, औषधांच्या पंपांवर नजर ठेवायची. तिसऱ्या रात्री मॉनिटरवरचे आकडे बरे दिसत होते, तरीही सिस्टरने डॉक्टरांना बोलावून घेतले. दोन तास लघवी अगदी कमी झाली होती आणि पाय गार लागत होते. रक्तदाब खरोखर घसरला तो त्यानंतर, आणि तोवर उपचार सुरू झालेले होते. आमच्याकडेही पॅनलवर सगळे ठीक दिसत असताना रिलेच्या आवाजावरून बिघाड ओळखणारे जुने मेंटेनर असतात, त्यांची आठवण झाली.

वडील बरे होऊन घरी आले. बारावीच्या परीक्षेनंतर मुलीने नर्सिंगला जायचे म्हटले. आणि अकरा रात्री हे सगळे पाहिलेला मी, नको म्हणालो. आई तर दोन दिवस नातीशी बोललीच नाही. माझ्या नकाराचे कारण मुलीने विचारले, तेव्हा मला धड सांगता येईना.

त्याच सुमारास मी रमाबाई रानडे यांचे आठवणींचे पुस्तक वाचायला घेतले. २०१२ साली त्यांच्यावरची ‘उंच माझा झोका’ ही मालिका आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. पण नवऱ्याकडून लिहा-वाचायला शिकणारी छोटी रमा तेवढी आपल्या लक्षात राहते. पुस्तकही न्यायमूर्तींच्या मृत्यूपाशी थांबते. नर्सिंगचा भाग त्यानंतरचा आहे, तो इकडून तिकडून वाचून गोळा केला.

रमाबाईंचा जन्म १८६२ चा, सातारकडच्या, म्हणजे आताच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. माहेरच्या त्या कुर्लेकर. (देवराष्ट्रे म्हटले की आपल्या दिल्लीकर मंडळींना यशवंतराव चव्हाण आठवतील. त्यांचाही जन्म तिथलाच, १९१३ चा.) १८७३ साली अकराव्या वर्षी त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. ते एकतीस वर्षांचे, बिजवर आणि विधवाविवाहाचे नामांकित पुरस्कर्ते. पहिली पत्नी गेल्यावर आता हे विधवेशी लग्न करतील अशी सुधारकांची अपेक्षा होती, पण वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले. पुण्यात त्यावरून त्यांना पुष्कळ बोल लागला. पूर्वी हे वाचले असते तर मीही नाक मुरडले असते. पण बाहेर एक बोलून घरात दुसरे करणे किती सोपे असते, हे मला या वर्षी कळले आहे.

लग्नानंतर लगेच शिकवणी सुरू झाली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते अजिबात खपत नसे. पुढे इंग्रजी शिकवायला एक मडम येऊ लागली, तेव्हा तिच्याजवळ बसल्यावर विटाळ झाला म्हणून रमाबाईंना आंघोळ करायला लावीत. उलटून न बोलता त्यांनी हे सोसले आणि अभ्यासही सोडला नाही. न्यायमूर्तींची दृष्टी अधू होती, त्यामुळे वर्तमानपत्रे आणि कागदपत्रे वाचून दाखवणे त्यांच्याकडे आले. अखेरच्या दुखण्यात न्यायमूर्तींच्या छातीत कळा येत. त्या उशाशी होत्या. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत न्यायमूर्ती गेले. रमाबाईंचे वय तेव्हा चाळिशीच्या आतले, पदरी मूल नाही.

त्या पुण्याला परतल्या आणि वर्षभर घराबाहेर फारशा पडल्या नाहीत. मग हळूहळू इस्पितळातल्या रोग्यांना फळे-फुले घेऊन भेटणे, येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांकडे जाणे सुरू झाले. १९०८ साली मुंबईत सेवासदन निघाले, त्याच्या त्या अध्यक्ष झाल्या. १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन त्यांच्याच वाड्यात सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते.

सेवासदनातल्या मुली आणि तरुण विधवा शिवण शिकोत, शिक्षिका होवोत, याला फारसा विरोध नव्हता. नर्सिंगचे नाव काढले की मात्र घरे बंद व्हायची. परक्या पुरुषाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या माणसाचे मलमूत्र काढायचे, रात्री घराबाहेर राहायचे! इस्पितळातून नर्स असत त्या बहुतेक युरोपियन किंवा ख्रिस्ती. पुण्यातच १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी प्राण दिला होता. रमाबाईंच्या कामाची जात थोडी निराळी. त्यांना सेवा ही बायकांना शिकता येईल आणि जिच्यावर स्वतःचे पोट भरता येईल अशी विद्या करायची होती. पगाराचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. नुसत्या त्यागाचे कौतुक करायला आपल्याला काही पडत नाही.

सुरुवातीच्या दिवसांतला एक प्रसंग वाचून मी थांबलो. संस्थेच्या संमेलनात एक तरुण विधवा बक्षीस घ्यायला मंचावर आली. केशवपन केलेले, अंगावर आलवण. वर बसलेल्या कॉलेजच्या पोरांनी तिची हुर्यो उडवली. रमाबाईंनी भाषणाच्या शेवटी त्यांना भर सभेत खडसावले. त्यांना शिकलेले कसे म्हणायचे असे विचारले, आणि प्रत्येकाच्या घरात अशी एखादी बहीण किंवा आत्या असेल, याची आठवण करून दिली.

हळूहळू मुली येऊ लागल्या. शिक्षणासाठी त्या ससून रुग्णालयात जात आणि त्यांच्या राहण्यासाठी सेवासदनाने वसतिगृह चालवले. मडमेजवळ बसल्याबद्दल जिला आंघोळ घालत, तिनेच या मुली वॉर्डात पाठवल्या. पुढे मुलींचे सक्तीचे शिक्षण, बायकांचा मताधिकार अशी कामे करीत १९२४ साली त्या वारल्या. १९६२ मध्ये सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

वडिलांच्या वॉर्डातल्या बहुतेक सिस्टर केरळच्या होत्या. आपल्यातली एकही नव्हती. पहाडगंजातल्या आपल्या मराठी घरांतून डॉक्टर, इंजिनिअर, बँकवाले किती झाले ते आपण सत्कारात मोजतो. नर्स झालेली मुलगी मला पटकन आठवेना.

फॉर्म भरला. त्या दिवशी वडिलांनी, अजून आवाज बसलेला असतानाही, नातीला पेढे आणायला पिटाळले. प्रवेश मिळाला, वर्ग सुरू झाले आहेत. यंदा आरतीला ती रोज दिसणार नाही. आईचा राग निवळला म्हणता येणार नाही, पण परवा तिने पहिल्यांदा स्वतःहून विषय काढला. शिक्षण संपून नोकरी लागल्यावर रात्रपाळी करून पोर घरी कशी येणार, एवढेच विचारले. रमाबाईंनी वसतिगृह काढले ते याच प्रश्नासाठी असावे. आमच्याकडे उत्तर अजून नाही. स्टेशनवरून मीच आणायला जाईन असे म्हणालो, तर माझीच ड्युटी रात्रीची असते हे आईने लगेच लक्षात आणून दिले.