कान्होजी आंग्रे यांच्या समाधीपाशीं

चौल-रेवदंड्याचीं पडकीं ख्रिस्तमंदिरें पाहण्यास जाणारे आमचे बंधु-भगिनी अलिबागेवरूनच जातात. परंतु शहरांतील सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या समाधीपाशीं थांबणारा विरळाच. तेथें क्षणभर थांबावें, असें आम्ही वाचकांस सुचवितों.

कान्होजींचें मूळ आडनांव संकपाळ. आंगरवाडी गांवावरून आंग्रे झालें. इ. स. १६९८ च्या सुमारास ते मराठी आरमाराचे सरखेल झाले. शाहू व ताराबाई यांच्या कलहांत ते प्रथम ताराबाईंच्या पक्षास होते. बाळाजी विश्वनाथांनी त्यांस शाहूंकडे वळविलें.

इंग्रज लेखकांनी त्यांस चांचा म्हटलें. आमच्या मतें हा शब्द न्यायाचा नव्हे. जहाजांनी दस्तक घ्यावें, न घेतील तीं पकडावीं, हा नियम कान्होजींनी काढिलेला नव्हता. पोर्तुगीज लोक 'कार्ताझ' नांवाचा असाच परवाना याच समुद्रावर दोनशें वर्षें चालवीत आले होते. तथापि त्यांच्या हातून कठोर कर्में घडलींच. नोव्हेंबर १७१२ मध्यें त्यांच्या आरमारानें मुंबईच्या गव्हर्नराचें जहाज पकडलें. त्यांत कारवारच्या वखारीचा मुख्य ठार झाला, आणि त्याची पत्नी ३०,००० रुपये घेऊन फेब्रुवारींत सोडण्यांत आली. विधवेचें असें मोल घेणें आम्हांस रुचत नाहीं.

आपणांस अधिक बोचणारा प्रसंग डिसेंबर १७२१ चा होय. गोव्याचा व्हाइसरॉय स्वतः सैन्य घेऊन इंग्रज कमोडोर मॅथ्यूज यांच्यासह कुलाब्यावर चालून आला. क्रूस मानणारीं दोन राष्ट्रें एका बाजूस होतीं, तरी यश आलें नाहीं. बाजीराव मदतीस धांवले, आणि जानेवारी १७२२ मध्यें पोर्तुगीजांनी इंग्रजांस वगळून तह केला. समाधीपाशीं आम्हीं मृतांसाठीं प्रार्थना केली, तेव्हां त्या वेढ्यांत पडलेल्या दोन्हीं पक्षांच्या शिपायांचें स्मरण झालें.

४ जुलै १७२९ रोजीं कान्होजी वारले. पुढें पुत्रांत भाऊबंदकी माजली, आणि मानाजींनी कुलाबा घेतांना त्याच पोर्तुगीजांचें साह्य घेतलें! १७४० सालीं चौल मराठ्यांकडे आलें व पोर्तुगीज निघून गेले. कोर्लईचे ख्रिस्ती मात्र होते तेथेंच राहिले. त्यांची पोर्तुगीजमिश्र बोली त्या गांवीं अद्यापि ऐकूं येते.