सरफोजीराजे आणि मोतीबिंदूचे कागद

रायगड आपल्या महाड तालुक्यात, तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ पोलादपुरात. भोसले घराण्याचा इतिहास इथे घरोघरी ठाऊक आहे. त्याच घराण्यातल्या एका राजाने डोळ्यांच्या रुग्णांची दप्तरं ठेवली, हे मात्र थोड्यांनाच माहीत असतं.

शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावरला गादी स्थापली. तिथे दत्तक आलेले दुसरे सरफोजीराजे १७७७ साली जन्मले. श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याने त्यांना शिकवलं. १७९८ मध्ये ते गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांनी मग विद्येत लक्ष घातलं. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, धन्वंतरी महालात औषधांचा अभ्यास चालवला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया ते स्वतः करत, असं मानलं जातं. रुग्णांची तपशीलवार हकीकत इंग्रजीत लिहिलेली आहे. १८३२ मध्ये राजे वारले. कागद तंजावरला आजही आहेत.

तेव्हा भूल नव्हती, जंतूंची माहिती नव्हती आणि स्टेरॉइडचे थेंबही नव्हते. डोळ्याला हत्यार लागलं की आत प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांनी डोळा लाल होतो, दुखतो, सुजतो. आज ही सूज स्टेरॉइडच्या आणि केटोरोलॅक, नेपाफेनॅक यांसारख्या थेंबांनी आवरता येते. काही थेंब शस्त्रक्रियेआधीच सुरू करतात, म्हणजे बाहुली मोठी राहते आणि डॉक्टरांचं काम सोपं होतं.

अडचण येते ती घरी आल्यावर. आठ दिवसांत डोळा स्वच्छ दिसतो आणि आजोबा बाटली बाजूला ठेवतात. पण पडद्याच्या मध्यभागी सूज काही आठवड्यांनीही येऊ शकते आणि नजर अंधुक होते. मधुमेह असेल तर हा धोका जास्त. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिले तितके दिवस, सांगितलं तसं कमी करत थेंब घालायचे. उलट, उरलेली बाटली पुढे मनानेच वापरायची नाही. स्टेरॉइडमुळे काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो. दुखणं वा लाली वाढली किंवा दिसणं कमी झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

जाताना थेंबांचं वेळापत्रक आणि बाटल्या बरोबर न्याव्यात. कोणता थेंब कधी घातला हे लिहिलेलं असलं, की डॉक्टरांना पुढचं ठरवणं सोपं जातं.